आधी शून्य शोधा: अतिसंवाहक पदार्थाच्या इवल्या रिंगमध्ये फ्लक्सचं क्वांटीकरण मोजताना

रात्रीचा दीड वाजला होता आणि पडद्यावर जे दिसत होतं ते बघून माझी झोप पार उडाली होती. बिस्मथ-पॅलेडियम या अतिसंवाहकाच्या (पुरेसा थंड केला की रोध शून्य होणाऱ्या पदार्थाच्या) बहुस्फटिकी फिल्ममधून कोरलेली एक चौरस मायक्रोमीटरची रिंग. चुंबकाचा करंट शून्य, आणि जिथे रोधाचा तळ दिसायला हवा तिथे नेमकं शिखर. म्हणजे अर्ध्या फ्लक्स क्वांटमची (रिंगमधल्या चुंबकीय फ्लक्सच्या ठरावीक पायरीची) सरक, अपारंपरिक अतिसंवाहकाची खूण. शेजारची दोन चौरस मायक्रोमीटरची रिंग मात्र अगदी नेहमीसारखी, शून्यावर तळ दाखवणारी. बहुस्फटिकी फिल्ममध्ये काही रिंगा अशा तर काही तशा निघणार, हे तर अपेक्षितच होतं! सगळं जुळत होतं. मी वहीत तारीख टाकून खाली दोन रेघा मारल्या.

सकाळी तिसरी रिंग मोजली, ०.६४ चौरस मायक्रोमीटरची. तिचा तळ शून्यापासून ०.३१ आवर्तनाइतका सरकलेला निघाला. शून्य सरक समजते, अर्धी समजते. ०.३१ ला काहीच अर्थ नाही. तिन्ही आलेख एकावर एक ठेवले तेव्हा दिसलं, की तिन्ही रिंगांचा एकेक तळ उणे एक मिलिटेस्लाच्या जवळ आहे. आदल्या दिवशी तोच अतिसंवाहक चुंबक ५ टेस्लापर्यंत नेला होता आणि त्याच्या गुंडाळीत एक मिलिटेस्लाचं क्षेत्र अडकून राहिलं होतं. माझा शोध म्हणजे ते उरलेलं क्षेत्र होतं.

हा लेख त्या रात्रीमुळे लिहिते आहे. महाराष्ट्रातून किंवा बाहेरच्या प्रयोगशाळांतून या विषयात नव्याने उतरणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा अशी मनापासून इच्छा आहे. रिंग बनवणं अवघड आहेच, पण खरी कसोटी लागते ती शून्य ठरवताना.

आधी प्रश्न नक्की करा

फ्रिट्झ लंडनने १९५० मध्ये म्हटलं होतं, की अतिसंवाहक वलयात अडकलेला फ्लक्स एच/ई च्या पटीतच असेल (एच हा प्लांकचा स्थिरांक, ई हा इलेक्ट्रॉनचा प्रभार). १९६१ मध्ये स्टॅनफर्डला डीव्हर आणि फेअरबँक यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत डोल आणि नेबाउअर यांनी तो मोजला, तर पायरी निम्मीच निघाली: एच/२ई. प्रवाह वाहतो तो इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचा, याचा हा थेट पुरावा. हे काम त्यांनी दहा-तेरा मायक्रोमीटर जाडीच्या नळ्यांवर केलं, तांब्याच्या तारेवरचं कथील आणि क्वार्ट्झच्या तंतूवरचं शिसं घेऊन.

प्रयोगशाळेत हा आकडा लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: २.०७ मिलिटेस्ला गुणिले चौरस मायक्रोमीटर. रिंगचं क्षेत्रफळ एक चौरस मायक्रोमीटर असेल तर दर २.०७ मिलिटेस्लाला एक आवर्तन. क्षेत्रफळ अर्धं केलं की आवर्तन दुप्पट. १०० नॅनोमीटर व्यासाच्या रिंगला तर एका आवर्तनासाठी सुमारे २६३ मिलिटेस्ला लागतात.

एक भेद सुरुवातीलाच पक्का करा. इवल्या, पातळ रिंगमध्ये फ्लक्सचं क्वांटीकरण होत नाही, फ्लक्सॉइडचं होतं, म्हणजे फ्लक्स आणि फिरत्या प्रवाहाचा वाटा यांच्या बेरजेचं. एक मायक्रोमीटर व्यासाच्या रिंगचं इंडक्टन्स दीड पिकोहेन्रीच्या आसपास असतं. तिला स्वतःच्या बळावर एक पूर्ण फ्लक्स क्वांटम उभा करायचा तर मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह लागेल, आणि तेवढा ती सहसा वाहूच शकत नाही. त्यामुळे बाहेरचं क्षेत्र तिच्यातून जवळपास आहे तसं आरपार जातं आणि फ्लक्सॉइड पूर्णांकी ठेवण्यासाठी रिंगमध्ये छोटा प्रवाह फिरतो. त्या प्रवाहामुळे संक्रमण तापमान (ज्याच्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) किंचित खाली येतं. १९६२ मध्ये लिटल आणि पार्क्स यांनी कथलाच्या नळीवर हेच पाहिलं. आपण मोजणार ते हेच: क्षेत्र बदलताना रोधात येणारी लाट.

मग अपारंपरिक अतिसंवाहकात, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने जुळतात तिथे, वेगळं काय? प्रश्न तीन आहेत आणि प्रत्येकाचा प्रयोग निराळा.

पहिला प्रश्न अर्ध्या सरकेचा. जोडीच्या तरंगफलाचं चिन्ह दिशेप्रमाणे बदलत असेल, तर काही रिंगांमध्ये एक फेरी पूर्ण करताना ते विषम वेळा उलटतं. अशा रिंगला पाय-रिंग (π-रिंग) म्हणतात. तिच्यात शून्य क्षेत्रालाच फ्लक्सॉइडचा ताळमेळ बसत नाही. आयबीएममध्ये त्सुई, कर्टली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तीन स्फटिक सांधलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटवर वायबीसीओ (यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड) या ताम्रयुक्त अतिसंवाहकाच्या चार रिंगा बनवल्या. तिन्ही स्फटिकांच्या सांध्यावरच्या एकाच रिंगमध्ये अर्धा क्वांटम आपोआप उभा राहिला, बाकीच्या तीन गप्प राहिल्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग हाच, कारण तुलनेच्या तीन रिंगा त्याच चिपवर होत्या. पण त्या रिंगा आतून ४८ मायक्रोमीटर व्यासाच्या होत्या आणि फ्लक्स स्क्विड सूक्ष्मदर्शकाने (अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या साधनाने) थेट दिसला. आपल्या इवल्या रिंगमध्ये तो आपोआप उभा राहणारा फ्लक्स नगण्य असतो, म्हणून आपल्याला रोधाच्या लाटेची सरक बघावी लागते. बीटा-बिस्मथ-पॅलेडियममध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१९ मध्ये अर्धी सरक अशीच दाखवली.

दुसरा प्रश्न दुप्पट आवर्तनाचा, म्हणजे एच/ई चा. डी-प्रकारच्या (वायबीसीओसारख्या) अतिसंवाहकात काही दिशांना ऊर्जेची फट शून्य होते. तिथल्या एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे सम आणि विषम फ्लक्सॉइडच्या अवस्था हुबेहूब सारख्या राहत नाहीत, आणि पुरेशा लहान रिंगमध्ये एच/ई ची छटा दिसावी असं गणित २००८ मध्ये मांडलं गेलं. तिसरा प्रश्न अपूर्णांकी पायऱ्यांचा: सीझियम-व्हॅनेडियम-अँटिमनी या कागोमे (त्रिकोणांच्या जाळीसारखी अणुरचना असलेल्या) पदार्थाच्या रिंगांत एच/४ई आणि एच/६ई ची आवर्तनं दिसल्याचा दावा आहे, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहे.

पहिल्या प्रश्नाला संक्रमण तापमानाजवळची रोधमोजणी चालते. दुसऱ्याला चालत नाही. १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या रिंगमध्ये एच/ई ची छटा टिकवायची तर काही केल्विनपर्यंत खाली उतरावं लागतं, आणि तिथे रोध शून्य असतो. तिथे क्रिटिकल करंट (ज्याच्यापुढे अतिसंवाहकता तुटते तो) मोजा किंवा रिंगमधला फिरता प्रवाह. इथून पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रश्नासाठी लिहिलं आहे.

रिंगचं माप: भुजा बारीक ठेवा

कागदावर रिंग म्हणजे एक रेघ. प्रत्यक्षात तिच्या भुजेला रुंदी असते, आणि मग कुठलं क्षेत्रफळ धरायचं, आतलं की बाहेरचं, हा प्रश्न येतो.

आतली त्रिज्या ३५० नॅनोमीटर आणि बाहेरची ४५० धरा. आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.३८५ चौरस मायक्रोमीटर, म्हणजे आवर्तन ५.३७ मिलिटेस्ला. बाहेरच्याचं ०.६३६, म्हणजे आवर्तन ३.२५. मधल्या त्रिज्येवरून काढलं तर ४.११. एवढा पट्टा अनिश्चित आहे आणि तरी चालून जातं, कारण एच/ई चा पट्टा ६.५ पासून सुरू होतो. आता आतली त्रिज्या २५० करा. पट्टा ३.२५ ते १०.५ मिलिटेस्लाचा झाला. ७ मिलिटेस्लाचं आवर्तन दिसलं तर ते एच/२ई की एच/ई हे कोणीच सांगू शकणार नाही.

नियम सरळ आहे: बाहेरचं क्षेत्रफळ आतल्याच्या दुपटीपेक्षा कमी हवं. म्हणजे दोन त्रिज्यांचं गुणोत्तर १.४ च्या आत. मी १.३ च्या पुढे जात नाही. अपूर्णांकी पायऱ्या शोधणाऱ्यांनी तर याहून कडक राहावं. जाड भुजेची रिंग घेऊन एच/६ई चा दावा करणं मला पटत नाही.

रिंग किती लहान घ्यायची? संक्रमण तापमानातली जास्तीत जास्त घट ही कोहेरन्स लांबी (साधारण एका जोडीचा पसारा) भागिले त्रिज्या, त्याचा वर्ग, भागिले चार, गुणिले संक्रमण तापमान. कोहेरन्स लांबी २० नॅनोमीटर, त्रिज्या ४००, तापमान ५ केल्विन: उत्तर ३ मिलिकेल्विन. संक्रमणाची रुंदी १०० मिलिकेल्विन असेल तर रोधात साधारण ३ टक्क्यांची लाट मिळेल, आरामात मोजता येईल अशी. वायबीसीओची कोहेरन्स लांबी जेमतेम दीड नॅनोमीटर, म्हणून १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या रिंगलाही ९० केल्विनच्या पदार्थात ५ मिलिकेल्विनच मिळतात, आणि संक्रमण केल्विनभर पसरलेलं असतं. ब्रुकहेवन आणि बार-इलानच्या गटांनी २०१० मध्ये लँथॅनम-स्ट्रॉन्शियम-कॉपर-ऑक्साइडच्या जाळीत याहून खूप मोठ्या लाटा पाहिल्या. आवर्तन एच/२ई च होतं, पण त्या लाटा रिंगच्या भुजा ओलांडणाऱ्या उष्णताजन्य भोवऱ्यांच्या (अतिसंवाहकात शिरलेल्या एकेका फ्लक्स क्वांटमच्या) होत्या. म्हणून ताम्रयुक्त पदार्थांत लाटेच्या उंचीवरून थेट संक्रमण तापमान काढायला जाऊ नका.

बनवताना

एका चिपवर निदान तीन वेगवेगळ्या क्षेत्रफळांच्या रिंगा हव्यात. शिवाय त्याच फिल्मची, रिंग नसलेली एक सरळ पट्टी, आणि जमलं तर नायोबियमसारख्या साध्या अतिसंवाहकाची एक रिंग. सुरुवातीला हा पसारा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफीने आकृती काढायची आणि आर्गॉन आयनांनी कोरायचं. कोरताना चिप गार ठेवा आणि मारा थांबून थांबून करा: तीस सेकंद चालू, मिनिटभर बंद. वायबीसीओ तापला की ऑक्सिजन सोडतो आणि कडा मेलेल्या होतात. भुजा कागदावर १०० नॅनोमीटर असली तरी अतिसंवाहक भाग त्याहून बारीक उरतो. वायबीसीओला पाणीही चालत नाही, तेव्हा धुण्यासाठी पाण्याच्या जवळ नेऊ नका. स्ट्रॉन्शियम रुथेनेटसारख्या एकस्फटिकी तुकड्यातून गॅलियमच्या केंद्रित बीमने रिंग कोरायची असेल तर शेवटचा हात कमी करंटने फिरवा, नाहीतर गॅलियम आत घुसतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप प्रयोग झाल्यावर घ्या. आधी घेतलं तर बीममुळे रिंगवर कार्बनचा थर बसतो आणि नाजूक फिल्म बिघडू शकते. आधी हवंच असेल तर त्याच साच्यातल्या जोडरिंगचं घ्या.

वायर जोडणं आणि रिंग जिवंत ठेवणं

इवली रिंग स्थिर विजेने जळते. आमच्याकडे एकदा जानेवारीतल्या कोरड्या हवेत कोणीतरी एक केबल नुसती काढून परत लावली आणि चार आठवड्यांचं काम गेलं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रिंगच्या डाव्या भुजेत स्वच्छ फट आणि फटीच्या दोन्ही कडांना वितळून गोल झालेले दोन थेंब. तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. मनगटाला अर्थिंगचा पट्टा. सर्व टोकं आधी एकमेकांना आणि जमिनीला जोडलेली. केबल लावून झाली की मगच जमिनीचे स्विच एकेक करून उघडायचे. बंद करताना उलट क्रम. हा क्रम छापून क्रायोस्टॅटवर चिकटवा.

चार टोकांची मोजणी, लॉक-इन (एकाच वारंवारतेचा संकेत वेचणारा प्रवर्धक), वारंवारता ५० हर्ट्झच्या पटींपासून दूर (आम्ही १७.७ हर्ट्झ वापरतो), प्रत्येक तारेवर रेडिओ लहरी अडवणारा फिल्टर. फिल्टर नसेल तर मोबाइलच्या लहरींनीही संक्रमण पसरट दिसतं.

करंट १०० नॅनोअँपिअरपासून सुरू करा. मग तो निम्मा करून तीच लाट परत मोजा. आलेख तंतोतंत बसला तरच रिंग तापत नाही असं समजा. ही तपासणी कधीच टाळू नका. स्ट्रॉन्शियम रुथेनेटचं उदाहरण समोर आहे. २०११ मध्ये इलिनॉयच्या गटाने त्याच्या सूक्ष्म रिंगांत चुंबकनाच्या अर्ध्या उंचीच्या पायऱ्या पाहिल्या आणि त्या त्रिपदी (दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असलेल्या) जोड्यांच्या चित्रात छान बसत होत्या. २०१९ मध्ये कळलं की त्या चित्राचा मोठा आधार असलेल्या जुन्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) मोजण्यांत स्पंदांमुळे नमुना तापत होता. स्पंद सौम्य केले आणि वर्षानुवर्षं मानलेलं उत्तर बदललं. अर्ध्या पायऱ्या आहेत तिथेच आहेत, पण त्यांचं स्पष्टीकरण आता नव्याने शोधावं लागतं आहे.

शून्य

आता मुख्य मुद्द्यावर येते. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.०४ मिलिटेस्ला. एक चौरस मायक्रोमीटरच्या रिंगसाठी ते आवर्तनाच्या दोन टक्के, म्हणजे सोडून देण्याजोगं. अतिसंवाहक चुंबकात अडकलेलं क्षेत्र मात्र एक-दोन मिलिटेस्ला सहज असतं, म्हणजे अर्धं आवर्तन किंवा पूर्ण एक. त्यामुळे करंट शून्य दिसला म्हणून क्षेत्र शून्य मानायचं नाही.

पहिला उपाय: लहान क्षेत्रांसाठी अतिसंवाहक चुंबक वापरूच नका. मीटरला ५,००० वेढ्यांची तांब्याची गुंडाळी एका अँपिअरला ६.३ मिलिटेस्ला देते. अर्ध्या चौरस मायक्रोमीटरच्या रिंगसाठी तेवढ्यात दीड आवर्तन मिळतं, दोन्ही दिशांनी तीन. शून्याजवळ तळ आहे की शिखर ते बघायला हे पुरतं. अतिसंवाहक चुंबकच वापरायचा असेल तर तो ९.२ केल्विनच्या वर, म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या संक्रमणाच्या वर, तापवून करंटशिवाय परत थंड करा. क्षेत्र उलटसुलट आणि दर वेळी कमी करत शून्यावर आणण्याची पद्धतही आहे, पण ती पूर्ण काम करत नाही.

दुसरा उपाय: आजूबाजूचं लोखंड बघा. पंप, गॅस सिलिंडर, लिफ्ट. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, ती मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार होत्या म्हणून. आपली रिंग वेधशाळेच्या उपकरणांइतकी हळवी नाही, पण चुंबकीय मिश्रधातूचा एक स्क्रू चिपजवळ असला तरी पुरतो. चिपचा धारक, स्क्रू, सोन्याखाली निकेलचा थर असलेले कनेक्टर, सगळ्यांपाशी छोटा चुंबक धरून बघा.

तिसरा आणि सर्वांत भरवशाचा उपाय चिपवरच आहे. प्रत्येक रिंगच्या लाटेखाली एक पॅराबोला असतो, भुजेच्या रुंदीमुळे येणारा. त्याचा मध्य म्हणजे खरं शून्य क्षेत्र, मग रिंग पाय-रिंग असो वा नसो. क्षेत्र दोन्ही बाजूंना दहा-बारा आवर्तनं न्या, पॅराबोला बसवा, मध्य काढा आणि त्या मध्यावर तळ आहे की शिखर ते बघा. सरळ पट्टीला लाट नसते, तेव्हा तिचा मध्य आणखी स्वच्छ मिळतो.

आणि मग तीन रिंगांची ती परीक्षा. अडकलेलं क्षेत्र सगळ्या रिंगांना मिलिटेस्लात सारखंच सरकवतं. अर्ध्या क्वांटमची सरक मात्र क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असते: ०.६४ चौरस मायक्रोमीटरला १.६२ मिलिटेस्ला, एकाला १.०३, दोनाला ०.५२. तळाची जागा उभ्या अक्षावर आणि एक भागिले क्षेत्रफळ आडव्या अक्षावर ठेवून आलेख काढा. साध्या रिंगा एका आडव्या रेषेवर येतील, पाय-रिंगा चढत्या किंवा उतरत्या रेषेवर, आणि दोन्ही रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटतात ते अडकलेलं क्षेत्र. माझ्या त्या रात्रीच्या तिन्ही रिंगा आडव्या रेषेवर बसल्या होत्या.

मोजणी

तापमान संक्रमणाच्या मधोमध, रोध साधारण निम्मा असेल तिथे, धरा. तिथे तापमानातल्या बदलाला रोध सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणून स्थिरता अर्ध्या मिलिकेल्विनच्याही आत हवी. ३ मिलिकेल्विनची लाट शोधताना अर्धा मिलिकेल्विन तापमान डुललं तरी आलेख वाकडा होतो. क्षेत्र बदलल्यावर काही तापमापी स्वतःच चुकीचं सांगू लागतात, तेव्हा चुंबकीय क्षेत्राला न जुमानणारा तापमापी निवडा.

०.०५ मिलिटेस्लाच्या पायऱ्यांनी जा, प्रत्येक पायरीवर लॉक-इनच्या कालस्थिरांकाच्या पाचपट थांबा. एकदा वर, एकदा खाली. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर भुजेत भोवरा अडकला आहे किंवा तुम्ही घाई करता आहात. मग रिंग संक्रमणाच्या वर तापवा, परत थंड करा, पुन्हा मोजा. खरी अर्धी सरक दर थंडीकरणात तशीच राहते. अडकलेल्या भोवऱ्याची सरक दर वेळी नवी असते. मी निदान पाच वेळा तापवून-थंडावून बघते.

फुरिए रूपांतर (लाटेतल्या वारंवारता वेगळ्या काढणारं गणित) करताना सांभाळा. पार्श्वभूमीचा पॅराबोला नीट वजा केला नाही तर कमी वारंवारतेला एक उंचवटा येतो, आणि तो बरोबर एच/ई च्या जागी बसायला बघतो. पार्श्वभूमी दुसऱ्या घाताची धरून एकदा आणि चौथ्या घाताची धरून एकदा वजा करा. उंचवटा हलला तर तो तुमच्या वजाबाकीचा आहे. एच/४ई चं शिखर दिसलं तर आधी हे बघा, की लाटेचा आकारच टोकदार आहे का. लिटल-पार्क्सची लाट ही पॅराबोलांची माळ असते, साइन नव्हे, म्हणून तिच्यात दुप्पट वारंवारतेची छटा जात्याच असते.

आमचा तो चुंबक शेवटी २० केल्विनपर्यंत तापवून, करंट न देता परत थंड केला. तिन्ही रिंगांचे तळ शून्यावर आले. मग चिपवरच्या उरलेल्या सहा रिंगा त्याच क्रमाने मोजायला घेतल्या, आणि दर वेळी पहिला आलेख सरळ पट्टीचा काढला.